चौदा तळ्यांच्या वतीनं

आमच्या पाडेखारला तळं एकच आहे, असं लिहिलं आणि खोडलं. आता होतं म्हणायचं. सवय व्हायला वेळ लागेल.

उरणच्या बाजूला कधी आलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना रचलेले कंटेनर दिसतील. त्यांच्या मागे वस्ती आहे, माणसं राहतात, हे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गावीही नसतं. माझे स्वतःचे दोन ट्रेलर ह्याच रस्त्यावर धावतात, त्यामुळे कंटेनरवाल्यांना शिव्या घालायचा हक्क मला राहिलेला नाही. तरी घालतो. आजोबांची मिठागरं गेली, वडिलांची भातशेती गेली आणि माझ्या वाट्याला डिझेलचा वास आला.

तळं मात्र टिकलं होतं. ते गावकीचं, कुणा एकाच्या नावावर नसलेलं. समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरींना गोडं पाणी होतं ते ह्या तळ्यामुळे. पावसात ते भरायचं, वर्षभर जमिनीत मुरायचं आणि खालून येणाऱ्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरायचं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. शेजारच्या गावानं तळं बुजवू दिलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवेना.

ते शेजारचं गाव म्हणजे माझ्या दुर्गावहिनीचं माहेर. माझा मोठा भाऊ धनेश ट्रेलर घेऊन महिन्यातला बराच काळ बाहेर असतो. घर वहिनी चालवते आणि खरं सांगायचं तर गावही तीच चालवते, सरपंच फक्त सही करतो. माहेरी गेली की ती घरून पाण्याचा कॅन घेऊन जायची. तिच्या आईला पाहुण्यांपुढे पाण्याचा तांब्या ठेवायची लाज वाटायची. वहिनी एकदा मला म्हणाली होती, "निकेत भावजी, एक गाव माझे डोल्यांसमोर खारा झाला. दुसरा नाय होऊ देनार."

तेव्हा आमच्या तळ्याच्या दोन्ही अंगांची जमीन एका कंटेनर यार्डवाल्यानं घेतली होती आणि तळं बुजवून दोन्ही तुकडे जोडायची परवानगी मागितली होती. तालुक्याच्या समितीनं त्यावर एक तोडगा काढला. जी तळी चांगल्या स्थितीत आहेत ती राखीव यादीत घालायची, बाकीच्यांचा विचार विकासासाठी करायचा. आता चांगलं तळं कोणतं हे ठरवणार कोण? तर नेमकी त्याच वर्षी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या तळ्यांची पाहणी सुरू झाली होती. समितीनं म्हटलं, चला, आयता कागद मिळतोय.

पाहणीवाल्यांतर्फे मृणाली नावाची मुलगी दिवाळीआधी परवानगी मागायला आली. नागावची होती, वाडीवाल्या घरातली, अंगावर उन्हानं विटलेला शर्ट आणि पायात चिखलाचे बूट. पंचायतीच्या ओसरीवर बसून तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. किनाऱ्यावरची सगळी तळी काही मोजता येत नाहीत. म्हणून नकाशावरून सगळ्यांची यादी केली, लहान-मोठी वेगळी काढली आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यातली काही निवडली. निवडीत कुणाची मर्जी नाही, कुणाचा वशिला नाही.

"म्हणजे लॉटरीच," मी म्हणालो.

"तशीच. फक्त जिंकलेलं तळं एकट्यासाठी बोलत नाही. तुमचं तळं धरून चौदा तळ्यांच्या वतीनं तुमचं एक बोलणार. तुमच्याकडे जे दिसेल ते त्या सगळ्यांच्या खाती धरायचं."

हे वाक्य वहिनीच्या काळजात जाऊन बसलं. मी तिच्याकडे पाहत होतो. तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता की जणू पोराला शाळेतर्फे स्पर्धेला पाठवायचं ठरलंय.

"नी तुमी काय काय बगनार?" तिनं विचारलं.

"सगळंच. पाणी, काठ, तळाचा गाळ, पाण्यातली झाडं, किडे."

"किडे पन?"

"किडे तर मुद्दाम बघणार."

"कसा असला म्हंजे चांगला?"

मृणाली हसली. "ते सांगायची परवानगी नाही, ताई. सांगितलं की लोक तसं करून ठेवतात. मग आम्ही तळं मोजत नाही, लोकांची तयारी मोजतो." परवानगीच्या कागदावर तारीख घालून ती निघून गेली.

इथे आमच्या गावाबद्दल एक सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेत पाडेखारचा तालुक्यात दुसरा नंबर आला होता. त्याची ट्रॉफी पंचायतीच्या कपाटात आहे आणि अजून कुणी अधिकारी आला की कपाट उघडंच ठेवतात. तो नंबर कसा मिळाला होता हे सगळ्या गावाला पाठ होतं. तपासणीचं पथक यायच्या आधी झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, गटारांना पावडर, रस्त्यावर रांगोळी. पथक येणार म्हणजे साफ करायचं. ग्रामदेवतेची पालखी दारात यायची असते तेव्हा आपण काय करतो? अंगण सारवतो. त्यात आम्हाला कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

वहिनीनं बचतगटाच्या बायकांना गोळा केलं. "चौदा तलावांची अब्रू आपले हातान हाय," ती म्हणाली. मी हे ऐकलं आणि मला हसू आलं, पण त्या हसण्यात कौतुकच जास्त होतं. तरण्या पोरांनी पाण्यात उतरून पोयणीची पानं मुळासकट ओढून काढली. काठावरचा लव्हाळा बायकांनी कोयत्यानं सपाट केला. पाणकणसं गेली. पाण्यात वाकलेली भेंडीच्या झाडाची जुनी फांदी, जिच्या आधारानं टिबुकली घरटं करायची, ती तोडली. कुणीतरी जेसीबी आणला आणि एका अंगाचा गाळ काढून काठाला एकसारखा उतार दिला. किडे बघणार म्हणाली होती ना, म्हणून ब्लिचिंगची पोती रिकामी केली. वरून चुना. मीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो होतो, उगाच काठावर उभा राहून शहाणपणा शिकवत नव्हतो.

झालं तेव्हा तळं असं दिसत होतं की फोटो काढावा. काढलेही. निळसर, नितळ, चारी बाजूंनी मोकळं, काठाच्या दगडांना पांढरा पट्टा. वहिनी संध्याकाळी त्याच्याकडे बघत बसली होती. तिच्या हातांची कातडी ब्लिचिंगनं सोलवटली होती. इतकी खूश मी तिला तिच्या मुलीच्या साखरपुड्यातही पाहिली नव्हती.

ठरल्या दिवशी पाहणीवाले आले. मृणाली गाडीतून उतरली, तळ्याकडे पाच-दहा पावलं चालली आणि थांबली. मी तिच्या मागेच होतो. मग तिनं वळून आमच्याकडे बघितलं. सगळं गाव नटून उभं होतं, बायकांनी नाकात नथी घातल्या होत्या, वहिनीच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. मृणालीनं मान खाली घालून कुंकू लावून घेतलं.

दिवसभर त्यांचं काम चाललं. काठावरच्या जागासुद्धा त्यांनी आपल्या मनानं घेतल्या नाहीत, त्याही आधीच चिठ्ठीनं ठरलेल्या होत्या. प्रत्येक जागी जाळी घेऊन पाणी ढवळायचं, पांढऱ्या तसराळ्यात ओतायचं आणि त्यात काय वळवळतंय ते मोजायचं. जाळी बुडवली, ओतली, तसराळं रिकामं. पुन्हा बुडवली, रिकामं. प्रत्येक रिकाम्या तसराळ्यागणिक आमच्या बायका एकमेकींकडे बघून मान डोलवत होत्या. एवढं स्वच्छ. एक किडा नाही.

जेवायला बसलो तेव्हा वहिनीनं विचारलं, "कसा वाटला आमचा तलाव?"

"आम्हाला काही बोलता येत नाही, ताई," मृणाली म्हणाली. तिनं कोलंबीचं कालवण नुसतं चिवडलं होतं. मला वाटलं, उन्हात दमलीय, भूक मेली असेल.

निकाल घेऊन तिचे साहेब स्वतः आले. दत्तात्रेय सर, पाहणीचा सगळा आराखडा ज्यांनी केला ते. बारीक अंगाचे, शांत, निवृत्तीला आलेले. पंचायतीत खुर्च्या टाकल्या होत्या, ट्रॉफीचं कपाट पुसलं होतं. त्यांनी कागद वाचला. तळ्याची स्थिती: वाईट. काठाची वनस्पती नाही, पाण्यातली वनस्पती नाही, जीव जवळजवळ नाहीत, गाळ उकरलेला, पाण्यात क्लोरीनचा अंश.

आधी कुणाला कळलंच नाही. सरपंचांना वाटलं की कागद दुसऱ्या गावाचा आहे.

मग सर सांगत गेले. लव्हाळा म्हणजे घाण नाही, पिल्लांचा आडोसा आहे. पोयणी पाण्याला सावली धरते. चतुर किड्याची अळी तसराळ्यात सापडली की तळं जिवंत आहे असं समजायचं. ते सावकाश बोलत होते आणि त्यांच्या एकेका वाक्यासरशी वहिनीचे हात पदरात आत आत जात होते. शेवटी दिसेनासेच झाले.

"तुमी सांगलाव नाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या पोरीला मी इचारला होता. कसा असला म्हंजे चांगला."

"तिला सांगायची मनाई होती. ती मनाई माझीच आहे."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मग आमचं तळं काढून टाका तुमच्या यादीतून. दुसरं घ्या. तुमच्याकडे तळ्यांना काय तोटा?"

"तसं बरेच जण करतात," सर म्हणाले. "एक तळं बिघडलेलं निघालं, की ते सोडून शेजारचं घ्यायचं. काही ना काही कारण नेहमीच मिळतं. मग दर वर्षी अहवाल छान येतो आणि तळी दर वर्षी कमी होत जातात. चिठ्ठीत आलं ते बदलायचं नाही, ह्या एका नियमावर बाकी सगळं उभं आहे, निकेतराव. तुमच्यासाठी मोडला तर उद्या यार्डवाल्यासाठीही मोडावा लागेल."

खोटं बोलणाऱ्याचा मला कधी एवढा राग येत नाही जेवढा त्या दिवशी ह्या खरं बोलणाऱ्याचा आला. मी नुसता टेबलावर हात आपटला आणि माझाच हात दुखला.

"मी समितीला लेखी कळवलंय," ते पुढे म्हणाले, "की ही पाहणी एका तळ्याचा निवाडा करायला केलेली नाही. ती सगळ्या किनाऱ्याची आहे. एकट्या तळ्याचा आकडा तसा वापरू नका."

"नी ते ऐकतील?" सरपंचांनी विचारलं.

सरांनी कागदाची घडी घातली.

वहिनीच्या मनात दुसरंच चाललं होतं. "त्या बाकीच्या तलावांचा काय?" तिनं विचारलं. "आमचा त्यांचे वतीनं बोलनार होता ना?"

"हो. आता हिशेबात तीही वाईटच धरली जातील."

"कुठली ती? नावा सांगा."

"नावं नसतात, ताई. अमुकच असं नाही. हिशेबापुरती."

"कुठली तरी असतील ना," वहिनी म्हणाली. "कोनाची तरी असतील. मना त्यांचे पाया पराला जायाला पाहिजे, नी तुमी बोलताव नावा नाय."

सरांबरोबर आलेली मृणाली तेव्हा बोलली. तिनं सांगितलं की निवडलेल्या तळ्यांपैकी काही तळ्यांना त्याच हंगामात दुसऱ्यांदा भेट द्यायची असते. कोणत्या, तेही आधीच चिठ्ठीनं ठरलेलं असतं, आणि त्यात पाडेखार आहे. माघ संपायच्या आत ती पुन्हा येणार होती.

सरांनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं, एवढं मला आठवतं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण तोवर खोलीत सगळे एकदम बोलायला लागले होते आणि वहिनी रडत होती.

त्यानंतरचे महिने गावानं तळ्याला हात लावला नाही. हात लावायचा नाही हेच काम होऊन बसलं. कपडे धुवायला बंदी, गुरं उतरवायला बंदी, गळ टाकायला बंदी. क्रिकेटचा चेंडू पाण्यात गेला तर तो तिथेच राहायचा. वहिनी सकाळ-संध्याकाळ काठापासून लांब उभी राहून बघायची. जवळ जायची नाही, आपला पाय लागून काही बिघडेल अशी भीती तिला बसली होती. आधी पाणी हिरवं झालं, तेव्हा तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग ते निवळलं. खरवडलेल्या काठावर लव्हाळ्याचे कोंब आले. पोयणीचं एक पान आलं, मग तीन, मग मोजायचं आम्ही सोडून दिलं. मुळं गाळात राहिली होती, आम्ही त्यातही कच्चेच निघालो होतो. एक दिवस लांब पायांचा कमळपक्षी पानांवरून चालताना दिसला आणि वहिनीनं मला फोन केला. मी ट्रेलरच्या रांगेत उभा होतो, तापलेला, भुकेला. ती नुसतं "आला, भावजी, आला" म्हणत होती. माझेही डोळे भरून आले.

मृणाली माघात आली. ह्या वेळी ताट नव्हतं, नथी नव्हत्या, गाव घरातच बसलं होतं. फक्त मी आणि वहिनी लांब उभे होतो. जाळी बुडवली, तसराळ्यात ओतली आणि ते तसराळं वळवळायला लागलं. चतुराच्या अळ्या, पाण्यावर गोल गोल फिरणाऱ्या निवळ्या, शिंपले, कसली कसली पिल्लं. मृणाली हसत होती. तिला बोलायची मनाई होती, पण तोंड लपवायची नव्हती. वहिनीनं तिच्या चिखलाच्या हातांसकट तिला मिठीत घेतलं.

आम्ही वाट बघत होतो ती नव्या कागदाची. त्याऐवजी समितीचा निर्णय आला. पाडेखार तळे, स्थिती वाईट, राखीव यादीसाठी अपात्र.

मी वहिनीला घेऊन तडक अलिबागला सरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही भेटींचे आकडे समोर ठेवले. दुसऱ्या भेटीत आमचं तळं किनाऱ्यावरच्या उत्तम तळ्यांत बसत होतं.

"मग झाला तर," वहिनी म्हणाली.

"हिशेबात पहिली भेट धरतात, ताई. नेहमीच. दुसरी भेट वेगळ्या कामासाठी असते." ते बोलताना टेबलाकडे बघत होते. "एकच तळं दोनदा मोजलं तर दोन आकड्यांत जो फरक येतो, तो आमच्या मोजण्यातली चूक धरतात. कुणाची जाळी नीट बुडाली नसेल, कुणी मोजताना चुकलं असेल. त्यावरून आमचे आकडे किती भरवशाचे ते कळतं. त्या दिवशी मी हे सांगायला हवं होतं."

वहिनीनं दोन्ही कागद जवळ ओढले. मग म्हणाली, "आमचा तलाव जिता झाला. ती तुमची मोजन्यातली चूक?"

"माझ्या आराखड्यात तिला दुसरी जागा नाही," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही, यायला पाहिजे हे कळत असून.

समितीकडे गेलो, दुसऱ्या भेटीचा कागद दाखवला. तिथल्या माणसानं उलटं विचारलं, पाहणीवालेच ज्याला चूक म्हणतात ते आम्ही बरोबर कसं धरणार? होळीनंतर डंपर आले. पहिला डंपर रिकामा झाला तेव्हा कमळपक्षी उडून दुसऱ्या टोकाला गेला, दुसरा झाला तेव्हा परत इकडे आला. असं बराच वेळ चाललं. मग तो कुठे गेला ते मी पाहिलं नाही. भराव टाकणाऱ्या गाड्यांवर माझ्या ओळखीचेच ड्रायव्हर होते. वहिनी घरातून बाहेर आली नाही. पावसाळा सरला तरी आमच्या विहिरीत आलेला खारटपणा गेला नाही. आता कॅन आमच्या घरीही आहे, आणि माहेरी नेण्यासारखं काही तिच्याकडे राहिलेलं नाही.

माझा एक ड्रायव्हर, धर्मा, श्रीवर्धनकडचा. बोर्ली पंचतनच्या अलीकडे त्याचं लहानसं गाव आहे. नवा हंगाम सुरू झाला तेव्हा तो सहज बोलून गेला की त्यांच्या गावाला पाहणीचं पत्र आलंय, त्यांच्याकडचंही तळं बुजवायचं घाटतंय, आणि लोक जोरात तयारीला लागलेत. वहिनी आम्हाला चहा देत होती. तिनं किटली खाली ठेवली.

"भावजी, गारी कारा. त्या चौदांतला असंल तो."

तसं नसतं हे मी तिला सांगितलं नाही. मला तरी काय माहीत होतं?

पहाटे निघालो आणि ऊन चढल्यावर पोचलो. वाटेत ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, आपण कसं सांगायचं, आधी काय सांगायचं. गावाच्या वेशीवरच चुन्याचा वास आला. तळं आमच्यापेक्षा लहान, सुपारीच्या वाडीला लागून, पण भरलेलं. निम्मा काठ कापून झाला होता. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पोयणी ओढत होती आणि काठावर ओल्या पानांचा ढीग लागला होता. त्यांच्या सरपंच, अमिषाताई, पदर खोचून स्वतः कोयता चालवत होत्या. बाईच्या चेहऱ्यावर घाम होता आणि आनंद. मागच्या वर्षी हाच चेहरा मी आमच्या काठावर बघितला होता.

वहिनीनं हात जोडले आणि सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं, वाटेत घोकलेलं होतं. हे काढू नका, ह्यालाच ते चांगलं म्हणतात, किडे मारू नका, किडेच बघायला येतात ते. माणसं हातातलं काम थांबवून ऐकत होती. मला क्षणभर वाटलं, जमलं.

अमिषाताईंनी विचारलं, "तुमच्या तळ्याचं काय झालं मग?"

"वाईट म्हनून लिवला. बुजवला."

"व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांनी आपल्या माणसांकडे बघितलं. पाण्यातला एक म्हातारा म्हणाला, "ज्यांचं तळं नापास झालं ते आमाला शिकवाया आले." कुणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, "आमचा नंबर लागला तर ह्यांचं काय जातंय? का आमचं पन जावं असं वाटतंय?"

"आसं न्हाय बोलायचं. पाव्हणे हायत," अमिषाताईंनी त्याला दटावलं. मग वहिनीला म्हणाल्या, अगदी मायेनं म्हणाल्या, "तुमाला दुःख झालंय, मला समजतंय. पर पथक येनार म्हनताना तळं असं घान कसं ठेवायचं? जेवून जा."

मी धर्माचं नाव सांगितलं, सरांचं नाव सांगितलं, मृणालीला फोन लावला. तिनं उचलला, मी काय विचारतोय ते ऐकलं आणि म्हणाली, "दादा, मला सांगता येत नाही हो." मग फोन बंद झाला.

मी वळून बघितलं तर वहिनी पाण्यात उतरली होती. काठावरच्या ढिगातून पोयणीची मुळं उचलायची, पाण्यात जायचं, वाकून ती गाळात दाबायची आणि परत ढिगाकडे यायचं. साडी छातीपर्यंत भिजली होती. दाबलेली मुळं तिच्या मागे पुन्हा वर येऊन तरंगत होती. आधी लोक हसले, मग बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. अमिषाताई दोनदा म्हणाल्या, "वैनी, भायेर या." ती ऐकत नव्हती.

शेवटी मी बुटांसकट उतरलो, तिच्या दंडाला धरलं आणि तिला बाहेर काढलं. ती आली. कुणीतरी तिला कोरडा टॉवेल दिला. गाडी वळवून मी वेशीपर्यंत आणली तेव्हा मागे कोयत्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.